जागल

बोथलीच्या सबस्टेशनात रात्री पावणेअकराला
निळी केबल डब्याच्या कन्सोलला जोडली.
दीड इंच उंचीचा डबा, आवाज पिठाच्या गिरणीचा.
पहिला प्रश्न त्यानंच विचारला: कोण?
कारखान्यातून आलेला पासवर्ड दिला
तर म्हणाला, आधी हा बदल.
बरं वाटलं. शहाणं दिसतंय पोर.

नाव मागितलं. बोथली-एक लिहिलं.
दोन कधी येईल कुणास ठाऊक, निविदेत एकच होता.
मग पत्ता, गेटवे, घड्याळ साडेपाच तास पुढे,
आणि त्याच्याशी कोणी बोलायचं त्यांची यादी:
यवतमाळचं ऑफिस, आणि माझा हा लॅपटॉप,
ज्याची एल ही कळ दोनदा दाबावी लागते.

दसरू टेकाम कोरा चहा घेऊन आले.
"हे डब्बं काय करते, बाई?"
तारेतून जे येतं ते पाहतं. वाईट असलं तर अडवतं.
"वाईट हाये हे त्याले कसं समजते?"
खुणा दिल्यात त्याला. चार हजारांवर.
"डुकराच्या खुरासारक्या?"
तशाच.
त्यांनी स्टूल ओढलं.

इतका वेळ डबा बांधावर बसून नुसता ऐकत होता.
आता त्याला वाटेत उभा केला:
दोन पोर्टांची जोडी, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर,
प्रत्येक शब्द त्याच्या अंगावरून जाणार.
आणि हा बंद पडला तर?
बायपास ऑटो. वाट उघडी राहील.
"म्हंजे जागल्या झोपला का धुरा मोकळा,"
दसरू हसले.
मॅन्युअलमध्ये हे इतकं वाईट वाटत नाही.
पण उलटं लिहिलं असतं तर डब्यासोबत
ब्रेकरची खबरही मेली असती. हे त्यांना सांगितलं नाही.

बदल लागू करायचे? हो.

पडद्यावर ओळ उमटली. एकच पत्ता,
एकच चिमुकला प्रश्न. अडवला.
मिनिटानं पुन्हा तोच. अडवला.
माझ्या नकाशात असा पत्ताच नव्हता.
सापडला म्हटलं, पहिल्याच रात्री चोर सापडला,
कायमचा बंद करायची आज्ञा अर्धी टाइप झाली होती.
तिसऱ्यांदा अडवला
आणि लोखंडी कपाटामागून भोंगा सुटला.

बाहेर कुत्री उठली. दसरू उठले. मीही.
कपाट सरकवलं: कोळिष्टकं, मेलेली पाल,
आणि एक जुना संगणक, धापा टाकत चालू.
त्यावर खडूनं: बंद करू नये. निखाडे.
"ऑपरेटर होते. रिटायर झाले. मुलाकडं गेले, चंद्रपूरले."
आत चार ओळींचा प्रोग्रॅम.
दर मिनिटाला पलीकडच्या सबस्टेशनला विचार: आहेस का?
तीनदा उत्तर आलं नाही तर ओरड.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना हे करायला.

भोंगा बंद केल्यावर कानात बराच वेळ तोच.
दसरू म्हणाले, आमी मचानावून आवाज देओ,
ओ होऽऽ.
शेजारच्या मचानावून ये वापस, ओ होऽऽ.
नाई आला तं कंदील घेऊन जा लागे.
"एकदा गेलतो."
पुढचं बोलले नाहीत, ग्लास विसळायला नळावर गेले.

अर्धी आज्ञा खोडली. एक अपवाद लिहिला:
हा पत्ता, हा प्रश्न, एवढाच सोडून दे.
बाकी साऱ्यांना पहिल्यासारखंच.
ओळी थांबल्या. म्हणजे उत्तर पोचत असणार,
पोचलेलं कुठे दिसत नाही, न पोचलेलंच दिसतं.

अपवादालाही नाव द्यावं लागतं.
रकाना देवनागरी घेत नाही,
रोमन अक्षरांत जागल लिहायला गेले,
घाईत एल एकदाच दाबला.
उमटलं: जागा.
कर्सर लुकलुकत होता, दुरुस्त करू का विचारल्यासारखा.
एंटर दाबलं.